डमरू कुणाचा

"रिकाम्या नळीला विचारलंस?"

"विचारलं, सर. सगळ्यात आधी तिलाच."

"काय म्हणाली?"

"काही नाही. गप्प आहे."

"हं..."

बोरावके सरांनी मटाराची आणखी एक शेंग सोलली. पाच दाणे निघाले. दाणे पातेल्यात पडले, साल टोपलीत पडलं, आणि सर पुन्हा शेंगांच्या ढिगाकडे वळले. जणू विषय संपला.

रेवती हुपरीकर ओट्यावर, समोरच्या खुर्चीच्या अगदी कडेवर बसली होती. स्कूटरची किल्ली तिच्या बोटात गरगर फिरत होती. तिला वाटलं होतं, या उत्तरावर सर खूश होतील. रिकाम्या नळीची तपासणी हा सरांचा जुना हट्ट, आणि तो तिने न सांगता पुरवला होता. पण सरांच्या चेहऱ्यावर खुशी नव्हती आणि नाराजीही नव्हती. अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती.

पाचच्या आत सरांची संमती हवी होती. नाहीतर पाच वर्षांच्या मेहनतीवर पाणी.

भानगड अशी होती. रेवतीचा पेपर एका मोठ्या परदेशी नियतकालिकाने स्वीकारला होता. त्यावर नावं दोनच, तिचं आणि तिचे मार्गदर्शक सोपानराव बोरावके यांचं. छापण्याआधी दोघांनी संमतीचं बटण दाबायचं होतं. रेवतीने ते तीन मिनिटांत दाबलं. सरांनी नऊ दिवस दाबलं नाही. तिने चार मेल पाठवल्या. चौथीला उत्तर आलं: "ये. पहिली वही घेऊन ये."

सर दोन वर्षांपूर्वी निवृत्त होऊन सासवडला आपल्या घरी येऊन राहिले होते. म्हणून रेवती सकाळीच निघाली, पुण्याहून दिवेघाट चढून आली, आणि आल्या आल्या तिच्यासमोर मटाराची परडी सरकवण्यात आली.

"हात मोकळे ठेवू नकोस," सर म्हणाले.

दोन किलो मटार. जर्मनीतल्या प्रयोगशाळेने तिला कळवलं होतं की पेपर छापून आला की जागा तुझी. आणि ती इथे शेंगा सोलत होती.

आता नळी म्हणजे कसली, ते सांगायला हवं. नळी कार्बनची. इतकी बारीक की अशा पन्नास हजार नळ्या शेजारी शेजारी मांडल्या तर डोक्यावरच्या एका केसाची जाडी होईल. त्या नळ्यांत रेवतीने रेणू भरले होते. गाजराला गाजराचा रंग देणारा जो लांबट, काडीसारखा रेणू असतो, तोच. नळीबाहेर, द्रावणात, हा रेणू क्षणभर स्वस्थ बसत नाही. गिरक्या घेतो, कोलांट्या मारतो. नळीत शिरला की मात्र तो नळीच्या लांबीला लांबी लावून निमूट निजतो, असं रेवतीचं म्हणणं होतं. पेपरभर तिने हेच सिद्ध केलं होतं.

एवढ्या बारीक नळीत डोकावणार कोण? डोकावता येत नाही. प्रकाशाकरवी विचारावं लागतं.

प्रकाशाला डोलण्याची एक दिशा असते. पोलरायझर नावाची काच एकाच दिशेने डोलणारा प्रकाश तेवढा पुढे सोडते. काच अशी धरली, की प्रकाश नळीच्या लांबीला धरून डोलेल, तर आतले रेणू खणखणीत उत्तर द्यायचे, म्हणजे आपल्या खुणेचा प्रकाश परत पाठवायचे. काच फिरवत फिरवत प्रकाश नळीला आडवा डोलायला लावला, की उत्तर बारीक होत होत जवळजवळ विझायचं. ही सगळी उत्तरं गोलाकार कागदावर मांडली की आकृती निघे ती दोन्ही टोकांना फुगीर, मध्ये कंबर बारीक. सरांच्या प्रयोगशाळेत तिला डमरू म्हणत.

रेवतीचा डमरू फार देखणा होता. तिने तो फोनच्या पडद्यावरही लावला होता.

"संपादकांनी हे सगळं विचारलं होतं, सर," ती म्हणाली. "मी उत्तरं दिली. ते समाधानी आहेत."

"बरं झालं. आणि तू?"

"मी तर आहेच."

"मग पाय का हलतोय?"

रेवतीने पाय थांबवला. किल्लीही थांबली. दोन शेंगा सोलून होईपर्यंत ती तशी बसली आणि मग पाय आपोआप पुन्हा सुरू झाला.

"रेणू शांत झाले म्हणतेस," सर म्हणाले.

"हो."

"कशावरून?"

"डमरूवरून. प्रकाश लांबीने पाडला की बोलतात. आडवा पाडला की गप्प होतात."

"गप्प म्हणजे शांत?"

"दुसरं काय असणार, सर?"

तेवढ्यात स्वयंपाकघरातून काकूंचा आवाज आला. "मी परवापासून गप्प आहे, रेवती. शांत आहे का, ते विचार त्यांना!"

रेवतीला हसू आलं. सरांना आलं नाही. परवा काय झालं होतं ते त्यांनी सांगितलं नाही, आणि तिनेही विचारलं नाही.

तिला मनातून चीड येत होती. विद्यापीठात सगळे म्हणायचे, बोरावके सर म्हणजे अवघड काम. सरळ बोलायचं नाही, प्रश्नावर प्रश्न टाकायचे, समोरच्याचा जीव टांगणीला लावायचा. आधी तिला यातही गंमत वाटायची. आज वाटत नव्हती. पाच वर्षं तिने अंधाऱ्या खोलीत लेसरशेजारी काढली होती. तो डमरू काही झाडाला लागला नव्हता.

मग तिने राखून ठेवलेलं पान टाकलं.

"सर, ही माझी एकटीची कल्पना नाही. तुमचीच आहे. माझ्या पेपरातला संदर्भ क्रमांक चार पाहा. एकोणीस वर्षांपूर्वीचा तुमचा पेपर. तुम्ही निळा रंग भरला होतात, मी गाजराचा भरला. तोच डमरू, तोच निष्कर्ष. 'नळीत रेणू स्थिरावतो.' वाक्य तुमचं आहे."

सरांचा हात थांबला. अंगठा शेंगेच्या चिरेतच राहिला. एक दाणा निसटला, टप्पे खात पायरीवरून खाली गेला आणि अंजिराच्या आळ्यात जाऊन पडला.

"हो," सर म्हणाले. "वाक्य माझं आहे..."

रेवतीला वाटलं, जिंकलो आपण. आता सर चष्मा शोधतील, फोन घेतील, बटण दाबतील, आणि आपण दीड वाजेपर्यंत पुण्यात.

सरांनी चष्मा शोधला नाही. त्यांनी एक भरदार शेंग निवडली, अलगद उकलली, दाणे न सांडता होडीसारखी उघडी केली, आणि तिच्यासमोर धरली.

"यातला निजलेला कुठला आणि उभा कुठला?"

"सर..."

"सांग की."

"मटार आहे तो, सर. गोल असतो. त्याला डोकं नाही, पाय नाहीत. तो निजणार काय आणि उभा राहणार काय!"

"बरोबर," सर म्हणाले. "वही आणलीस?"

सरांच्या प्रयोगशाळेत एक रीत होती. नवीन आलेल्याला पहिलं वर्षभर स्वतःचा विषय मिळायचा नाही. त्याने फक्त शेंगा भरायच्या. शेंगा म्हणजे त्याच कार्बनच्या नळ्या, आणि त्यांच्यात कार्बनचेच गोल गोल रेणू, चेंडूसारखे. नळीत ओळीने बसले की हुबेहूब मटाराची शेंग. त्यातून नवं काहीच निघणार नसे. हात बसावा म्हणून करायचं. त्या वर्षीची वही ती पहिली वही. आणि पुढे कुठलाही पेपर सरांकडे न्यायचा तर सोबत ती वही न्यायची, असा अलीकडचा नियम.

का, ते सरांनी कधी सांगितलं नाही. विद्यार्थी त्याला म्हाताऱ्याचा सोवळेपणा म्हणत आणि नियम पाळत. रेवतीनेही पाळला. प्रत्येक वेळी वही नेली, प्रत्येक वेळी परत आणली. उघडून मात्र एकदाही पाहिली नव्हती.

तिने स्कूटरच्या डिकीतून वही आणली. तपकिरी पुठ्ठा, कोपरे झिजलेले.

"एक्केचाळिसावं पान," सर म्हणाले.

रेवतीने पान काढलं, आणि पाहत राहिली.

पानावर आलेख चिकटवला होता. दोन्ही टोकांना फुगीर, मध्ये कंबर बारीक. खाली तिचंच अक्षर, आतापेक्षा जरा गोल, जरा हौशी: "पहिला डमरू!! पेढे!" त्याखाली सरांची लाल सही, तारीख, आणि सहीच्या शेपटीपाशी एक बारीकसं प्रश्नचिन्ह.

तिला तो दिवस आठवला. पुस्तकात दाखवतात तशी आकृती पहिल्यांदा तिच्या हातून निघाली होती. तिने खरोखरच पेढे वाटले होते, शिपायापासून विभागप्रमुखांपर्यंत. प्रश्नचिन्ह दिसलं होतं. तिला वाटलं होतं, सर विचारताहेत, पेढे कुठायत?

"आत काय भरलं होतंस?" सरांनी विचारलं.

"गोळे..."

"निजलेले की उभे?"

रेवतीने पुन्हा आलेखावरून बोट फिरवलं.

गोल रेणूला कुठल्याही बाजूने विचारा, त्याचं उत्तर सारखंच यायला हवं. कागदावर वर्तुळ यायला हवं. वर्तुळ आलं नव्हतं. डमरू आला होता.

मग हा डमरू कुणाचा?

गोळ्यांचा नाही. म्हणजे उरली कोण, तर नळी. रिकामी असताना गप्प बसलेली, साधीसुधी नळी. ती स्वतः काही बोलत नव्हती, ती फक्त दारावर उभी होती. लांबीला धरून डोलणारा प्रकाश तिने आत सोडला आणि आडवा डोलणारा बाहेरच्या बाहेर परतवून लावला. आतल्यांना आडवा प्रश्न कधी पोचलाच नव्हता. ते गप्प राहिले यात नवल काय!

रेवतीच्या डोळ्यांपुढे तिचे गाजराचे रेणू आले. निजले असतील. उभे असतील. कोण जाणे, आतल्या आत कोलांट्याही मारत असतील. तिने इतकी वर्षं त्यांना एकाच बाजूने विचारलं होतं आणि ते शांत आहेत म्हणून जगाला सांगायला निघाली होती.

"थांबा, सर!" ती एकदम म्हणाली. "माझ्या डमरूची कंबर जास्त बारीक आहे. रेणू निजलेले नसते तर एवढी बारीक कशी आली असती? नळीने आडवा प्रकाश अडवला असेल, मान्य. पण उरलेला फरक रेणूंचा."

"असू शकतं," सर म्हणाले. त्यांनी हे अगदी मनापासून म्हटलं. "मोज."

तिने लॅपटॉप उघडला. संकेतशब्द दोनदा चुकला. वहीतल्या डमरूची लांबी आणि कंबर, अकराला एक. पेपरातल्या डमरूची, बाराला एक.

"बघा! अकरा आणि बारा."

"पुढे काय लिहिलंयस?"

रेवतीने पुढचं वाचलं. मनात वाचलं. तिनेच लिहिलं होतं, तिनेच दहा वेळा तपासलं होतं. बारा, दोन इकडे किंवा तिकडे. अकरा त्यातच बसत होते.

तिने लॅपटॉप मिटला.

अंगणात चिमण्या आल्या होत्या. सर पुन्हा शेंगा सोलायला लागले होते, आणि तो टचटच आवाज रेवतीच्या डोक्यात जात होता. तिला उठून जावंसं वाटत होतं. कुठे जायचं, ते कळत नव्हतं.

"तिकडचा एक गट याच्याच मागे आहे, सर," ती म्हणाली. "दोन महिन्यांत ते छापतील. हेच छापतील. त्यांना कोण विचारणार आहे गोळे भरलेत का म्हणून?"

"छापतील."

"माझी जागा जाईल."

"जाऊ शकते."

"तुम्हाला काय, सर! तुम्ही निवृत्त झालात. तुमचं..." आणि बोलता बोलता ती अडखळली. नजर वहीवर गेली. लाल सही. तारीख. प्रश्नचिन्ह.

"हे प्रश्नचिन्ह कधी काढलंत?"

"सही केली तेव्हाच."

"म्हणजे पाच वर्षांपूर्वी."

"हो."

"तुम्हाला पाच वर्षांपासून माहीत आहे?"

"त्या दिवशी शंका आली. घरी येऊन रात्रभर जागलो. मग माहीत झालं."

"आणि तुमचा पेपर? निळ्या रंगाचा?"

"तसाच आहे."

"मला का नाही सांगितलंत?"

सर गप्प. या वेळी रेवतीला नीट दिसलं की हा माणूस गप्प आहे आणि शांत मुळीच नाही. हातातल्या सालीचे त्यांनी बारीक बारीक तुकडे केले होते.

"तुला सांगितलं असतं तर माझंही सांगावं लागलं असतं," ते म्हणाले. "लाज वाटली, रेवती. त्या पेपरवर माझं नाव झालं. एकतीस जणांनी तो आधाराला घेतलाय. बत्तिसावी तू."

"म्हणून वही आणायला लावायचात!"

"वाटायचं, एखाद्या दिवशी तूच उघडशील..."

रेवतीला भयंकर राग आला. इतका, की तिला काही सुचेना. पाच वर्षं तिने या माणसाला पर्वतासारखं मानलं होतं, आणि तो मूग गिळून बसला होता. तिच्या वहीत उत्तर टाकून, ती कधी उघडते याची वाट पाहत. हे शिकवणं झालं? याला भित्रेपणा म्हणतात. तिने तसं बोलूनही दाखवलं.

"हे भित्रेपणाचं झालं, सर."

"झालं," सर म्हणाले.

आतून काकूंच्या भांड्यांचा आवाज येत होता, तो थांबला.

"मग हे नऊ दिवस काय करत होतात?"

"रोज ते बटण उघडून बसत होतो. दाबवत नव्हतं. आणि नाही म्हणायला तोंड नव्हतं."

सरांनी धोतराला हात पुसले. कोनाड्यातला फोन घेतला, चष्मा लावला, आणि बऱ्याच खटपटीने ते पान उघडलं. हिरवं बटण पडद्यावर आलं. त्याच्यावर त्यांनी बोट धरलं. मटार सोलून सोलून नखही हिरवं झालं होतं.

"मी बोललो ते बोललो. आता तू सांगशील तसं," ते म्हणाले. "दाबू?"

रेवती बघत राहिली.

सर थट्टा करत नव्हते. तिला ते पुरते ओळखीचे होते. हो म्हटलं असतं तर त्यांनी दाबलं असतं, आणि जन्मात पुन्हा त्याचा उच्चार केला नसता. एक्केचाळिसावं पान जगात दोघांनीच पाहिलं होतं. वही डिकीत जाईल, डिकीतून माळ्यावर जाईल. हुपरीला तिचे वडील चांदीच्या पैंजणांना घुंगरं जोडतात, त्यांनी अख्ख्या गल्लीत सांगून ठेवलं होतं, पोरगी जर्मनीला चालली. आईने तर लोकरीचा स्वेटरही विणायला घेतला होता. आणि निष्कर्ष खोटा आहे असं तरी कुठे सिद्ध झालं होतं? असतीलही रेणू निजलेले. कदाचित खरंच असतील...

तिचा पाय जोरजोरात हलत होता.

"दाबू का, रेवती?"

"नको!"

ती इतक्या जोरात म्हणाली की काकू पदराला हात पुसत बाहेर आल्या. चिमण्या उडाल्या. सरांनी बोट उचललं, फोन पालथा ठेवला आणि डोळे मिटून घेतले. त्यांच्या मिटल्या पापण्या ओल्या होत्या. रेवतीलाही रडू आलं, तिने ते लपवलं नाही. रडताना रागही येत होता. दोन्ही एकदम कसं काय येतं, याचं तिला नवल वाटलं.

काकूंनी दोघांकडे पाहिलं. सोललेल्या दाण्यांचं पातेलं उचलून आत नेलं.

जेवायला गाजर-मटाराचा पुलाव होता. रेवतीने पानाकडे पाहिलं, सरांकडे पाहिलं, आणि तिला हसू आवरेना. सरांनाही आवरेना. काकू म्हणाल्या, "यात हसण्यासारखं काय आहे ते मलाही कळू द्या." पण सांगायचं म्हटलं तर फार लांबलं असतं. काकू पुन्हा गप्प झाल्या, आणि सरांनी घाईघाईने सगळी गोष्ट पहिल्यापासून सांगायला घेतली.

जेवणानंतर रेवती लॅपटॉप घेऊन ओट्यावर बसली. संपादकांना पत्र लिहायचं होतं.

"आधी माझं लिही," सर म्हणाले.

"तुमचं?"

"माझी चूक एकोणीस वर्षांची आहे. तिचा नंबर आधी."

त्यांनी सांगितलं, तिने लिहिलं. फार नव्हतं, चारच वाक्यं. नळी आडवा प्रकाश आत येऊ देत नाही, याचा विचार त्या पेपरात केलेला नाही. म्हणून रेणू स्थिरावतो हा निष्कर्ष त्या आकृतीवरून काढता येत नाही. ही गोष्ट माझी विद्यार्थिनी रेवती हुपरीकर हिच्या पहिल्या वर्षाच्या वहीवरून माझ्या ध्यानात आली. ती जाहीर करायला मी पाच वर्षं लावली.

रेवतीची बोटं थांबली.

"सर, शेवटचं वाक्य गाळू का? त्याची गरज नाही."

"राहू दे."

मग तिने आपलं लिहिलं. पेपर थांबवावा. रेणू निजलेले आहेत असं मी म्हटलं होतं. ते निजलेले असतीलही. मला माहीत नाही. हे "मला माहीत नाही" लिहायला तिला बाकी सगळ्या पत्राहून जास्त वेळ लागला. तीनदा खोडलं, तीनदा लिहिलं.

चार वाजून वीस मिनिटांनी दोन्ही पत्रं गेली.

जर्मनीला काय कळवायचं, ते तिने ठरवलं नव्हतं. तिला हलकंबिलकं काही वाटलं नाही, तसं वाटतं म्हणतात. आई-वडिलांना फोन करायचा होता आणि करवत नव्हता. सरही तसेच. ओट्यावरून अंगणात, अंगणातून ओट्यावर, उगीचच अंजिराच्या झाडाचं एखादं पान तोड, आळ्यातली माती सारखी कर, असं त्यांचं चाललं होतं. मघाशी निसटलेला दाणा तिथेच पडला होता, तो त्यांनी बोटाने मातीत दाबला.

रेवतीने वही डिकीत ठेवली. पुन्हा काढली, आणि खांद्यावरच्या पिशवीत टाकली. स्कूटर सुरू केली, बंद केली.

"सर..."

"हं?"

"तुम्हाला काय वाटतं हो? खरं काय असेल? आत ते निजलेत, की उभे आहेत?"

सर झाडापाशी थांबले. तिच्याकडे पाहिलं. मग ओट्यावर जाऊन टोपलीतली सालं वरखाली केली, तळाशी एक न सोललेली शेंग राहून गेली होती ती शोधून काढली, आणि परत आले.

त्यांनी ती तिच्या तळहातावर ठेवली आणि तिची बोटं मिटवली.

"न उघडता सांग."